ओल्या लाकडाचा वाडगा: उन्हाळ्यात झाकायचा, पावसाळ्यात उघडायचा

ओल्या लाकडाचा वाडगा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, क्वचितच फुटतो. तो फुटतो नंतर, फळीवर ठेवून दिल्यावर. आणि उन्हाळ्यात जो वाचतो त्याला आषाढात बुरशी धरते. या दोन गोष्टींबद्दल मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं म्हटलं. विचारणारे जास्त करून आपल्याकडचेच, लातूर, बीड, परभणी, जालन्याचे. त्यांची अडचण मला चांगली कळते. व्हिडिओ बघून शिकायला जावं तर ते बहुतेक थंड मुलखातले असतात. तिथला माणूस वाडगा कागदी पिशवीत घालतो, तळघरात ठेवतो आणि सहा महिन्यांनी काढतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४२-४३ अंश असतात, दोरीवरची ओली साडी बघता बघता वाळते, आणि दोनच महिन्यांनी तीच साडी दोन दिवस दमट राहते. त्याच कागदी पिशवीनं आपल्याकडे मे महिन्यात वाडगा वाचतो आणि जुलैत तिच्यातच सडतो.

मी औसा तालुक्यातली. सासर सुताराचं. सासरे, त्यांना मी मामा म्हणते, बैलगाडीची चाकं, तिफणी, कुळव करायचे. गावात ट्रॅक्टर वाढले, बैलं कमी झाली आणि ते काम थांबलं. लेथ घरात आला तो माझ्यासाठी. त्यावर मी वाडगे, तबकं आणि काटवटी कातते. लाकूड मिळतं ते बांधावरचं, वादळात पडलेलं, नाहीतर रस्ता रुंद करताना तोडलेलं. सगळं ओलं. वाळलेला, वाडग्याजोगा जाड ठोकळा विकत मिळतच नाही, कारण तेवढ्या जाडीचा ठोकळा न तडकता वाळायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून ओला असतानाच कातून पोकळ करायचा, जाड ठेवायचा, वाळवायचा आणि मग दुसऱ्यांदा कातून हातावेगळा करायचा. मधला जो वाळवायचा काळ आहे त्याबद्दलच हे सगळं.

लाकडात पाणी दोन जागी असतं. एक मोकळं पाणी, लाकडातल्या बारीक नळ्यांच्या पोकळीत भरलेलं. दुसरं त्या नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं. वाळताना आधी मोकळं पाणी जातं आणि तोवर लाकूड आकसत नाही, नुसतं हलकं होतं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर ओलावा आला की पोकळ्या रिकाम्या होतात आणि भिंतींतलं पाणी निघायला लागतं. आकसणं सुरू होतं ते तिथून. पहिले काही दिवस वाडगा जसाच्या तसा दिसतो आणि मग एका रात्री ‘टक्’ असा आवाज येतो, त्याचं कारण हे.

खरी गोम अशी की बाहेरचा थर ३० च्या खाली कधीच गेलेला असतो आणि आतला अजून ओलाच असतो. बाहेरचं आकसायला बघतं, आतलं त्याला जागचं हलू देत नाही, आणि ताण सहन झाला नाही की वरचा थर उलतो. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात त्याच तऱ्हेनं. म्हणजे तडा वाळण्यामुळे जात नाही. आत आणि बाहेर यांच्यात फार अंतर पडल्यामुळे जातो. ते अंतर वाढू द्यायचं नाही, एवढं एकच काम आपल्याकडे असतं. पण ते अंतर फारच कमी ठेवायला गेलं, वाडगा ओलाच गुंडाळून ठेवला, तर बुरशीची सोय होते. वाट या दोन्हींच्या मधून आहे, आणि आपल्याकडे ती दर ऋतूला जागा बदलते.

आणखी एक. लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. गाभ्याकडून सालीकडे थोडं, आणि वर्तुळांच्या अंगानं त्याच्या साधारण दुप्पट. तुमच्या घरी आजीच्या काळातली लाकडी काटवट असेल तर टेपनं मोजून बघा. आमच्याकडे आहे, बाभळीची. भाकरीचं पीठ मळून तिचा तळ असा गुळगुळीत झालाय की बोट घसरतं. नजरेला गोल दिसते, पण नस ज्या दिशेनं धावते तिकडून मोजली आणि आडवी मोजली तर चांगला अर्ध्या इंचाचा फरक निघतो. करणाऱ्यानं ती ओली असताना गोल केली असणार, आणि वाळताना ती लंबगोल झाली. असा वाकडेपणा येऊ द्यायचा. वाडगा लंबगोल झाला म्हणजे त्यानं ताण वाकून मोकळा केला, फुटून नाही. म्हणून तर पहिल्या कातणीत भिंत जाड ठेवायची, की दुसऱ्या कातणीत पुन्हा गोल करता यावा. व्यासाचा दहावा हिस्सा भिंत, हा अंदाज चांगला चालतो. दहा इंची वाडगा असेल तर एक इंच. भिंत आणि तळ एकाच जाडीचे पाहिजेत. तळ दोन इंच आणि कड पाऊण इंच असा वाडगा असेल तर कड आधी वाळून आकसते, तळ तिला सोडत नाही आणि चीर कडेवरून खाली उतरते. आतल्या तळाचा कोपरा काटकोनात ठेवू नका, वळण द्या. कडेची धार पॉलिश पेपरनं मोडून टाका, कारण धारदार कड सगळ्यात आधी वाळते. आणि चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीच्या जबड्यांत, धरायची बुडाची गोल खुंटी जरा मोठी ठेवा, तीही लंबगोल होणार आहे आणि पुन्हा गोल करताना बारीक होणार आहे.

आता ओंडक्यापासून. वादळात झाड पडलं की लोक हौसेनं त्याच्या चकत्या पाडतात आणि ‘ताई, वाडग्याला लाकूड आणलंय’ म्हणून आणून देतात. चकती म्हणजे आडवा काप, दोन्हीकडे नळ्यांची उघडी तोंडं आणि मधोमध गाभा. ती चकती गाभ्यापासून सालीपर्यंत चिरणारच. लाकडाच्या तोंडाकडून पाणी आडव्या बाजूपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं बाहेर पडतं. म्हणून ओंडका लांबच ठेवायचा, वाडग्याच्या व्यासापेक्षा दोन्हीकडून चार-चार बोटं जास्त, म्हणजे टोकं उलली तरी आतलं शाबूत राहतं. मग तो उभा, गाभ्यातून चिरायचा आणि गाभ्याची दोन इंचाची पट्टी सरळ काढून टाकायची. ती पट्टी चुलीत घाला, पण वाडग्यात नको. वाडग्यात गाभा राहिला की त्याच्याभोवती तडा ठरलेला.

चिरायला लगेच जमणार नसेल तर ओंडका सावलीत, जमिनीवरून उचलून, दोन दगडांवर ठेवा आणि टोकं बंद करा. मामा शेण-मातीचा काला करून दोन्ही तोंडांना जाड थापायचे. उन्हाळ्यात अजूनही मी ओंडक्याला तेच करते, फुकट आहे आणि काम करतं. पावसाळ्यात नाही करत, शेण ओलं राहतं आणि त्याखालचं पांढरं लाकूड काळं पडतं. त्या दिवसांत ऑइल पेंटचा डबा काढते.

जाता जाता एक सांगते. आंबा, चिंच, जांभूळ, सागवान ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. झाड आपोआप पडलेलं असलं तरी लाकूड हलवण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

मामांची मूळ पद्धत मात्र पाण्याची होती. चाकासाठी आणलेली बाभूळ ते ओढ्याच्या डोहात नाहीतर विहिरीत बुडवून ठेवायचे, वर दगड ठेवून, महिनोन्‌महिने. त्यामागचं कारण पक्कं आहे. पाण्याखाली लाकूड वाळत नाही, म्हणून तडकत नाही. बुरशीला हवा लागते, ती पाण्याखाली मिळत नाही. आणि लाकडातली साखर-स्टार्च हळूहळू पाण्यात उतरतात, त्यामुळे नंतर भुंग्यालाही खायला कमी उरतं. बाहेर काढल्यावर असं लाकूड जरा समजूतदारपणे वाळतं. पण ओंडका पूर्ण बुडालेला पाहिजे. अर्धा वर तरंगला तर पाण्याच्या रेघेवर त्याला सगळंच लागतं, तडाही आणि बुरशीही. आणि आपल्याकडे डोहात पाणी असायला पाहिजे ना. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत घागर बुडत नव्हती, ओंडका कुठला बुडवणार. झाडं पडतात वळवाच्या पावसात, मे महिन्यात, आणि पाणी असतं श्रावणानंतर. म्हणून या पद्धतीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

मे महिन्यात ओलं लाकूड हाताशी आलं तर ज्या दिवशी कातायला घ्याल त्याच दिवशी कातून, बंद करून, झाकून टाका. जेवायला उठलात तरी लेथवरच्या वाडग्यावर ओलं गोणपाट टाकून उठा. पंखा बंद. वाडग्याला दोन जागी, समोरासमोर, लाकडाची तोंडं उघडी पडलेली असतात. हात फिरवला की खरखरीत लागतात, आणि पाणी शिंपडलं तर तिथे आधी शोषलं जातं. त्या दोन जागांना बाहेरून, कडेवरून आणि थोडं आतून मेण द्या. साधं पांढरं मेणबत्तीचं मेण चालतं. ते थेट आचेवर ठेवू नका, पेट घेतं. पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवा आणि कडक गरम असतानाच ब्रशनं लावा. मेण कोमट असेल तर ओल्या लाकडावर पापुद्रा धरून सुटून येतं. मेण नसेल तर फेव्हिकॉलचे दोन हात द्या, दुसरा हात पहिला सुकल्यावर. सगळा वाडगा मेणात बुडवायची गरज नाही. आडव्या बाजूंनी ओल हळूहळू बाहेर पडायला पाहिजेच.

मग ठेवायचा कुठे? पत्र्याच्या शेडमध्ये अजिबात नाही. दुपारी पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं आणि रात्री झपकन उतरतं. परभणीहून एक मुलगा गाडीवर बसून आला होता, पिशवीत बाभळीचा वाडगा घेऊन. कातणी सुरेख होती, भिंत सगळीकडून एकसारखी. पण ठेवला होता शेडमध्ये, उघडा. चीर अशी गेली होती की त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. काम त्याचं चांगलंच होतं, जागा चुकली. त्याला मी आमच्या जुन्या घरात नेलं.

ते घर माळवदाचं आहे. दोन-अडीच फुटांच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी सर आणि त्यावर पांढरी माती. बाहेर फुफाटा असला तरी आत गारवा असतो, आणि मुख्य म्हणजे दिवस-रात्रीत फार फरक पडत नाही. वाडग्याला हेच हवं असतं. भिंतीतलं रिकामं बळद, जिथे पूर्वी ज्वारी भरायचे, ते मे महिन्यातल्या वाडग्यांसाठी मला मिळालेली सगळ्यात चांगली जागा आहे. वाडगा वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळते आणि बळदात ठेवते. शेजारी दुसरा, अंगाला अंग लागू न देता. पहिले पंधरा दिवस दोन दिवसांआड कागद उघडून बघते. कागद दमट लागला की बदलते. ज्यांच्याकडे माळवद नाही त्यांनी घरातली सगळ्यात गार, उत्तरेकडची खोली बघा, किंवा पत्र्याची पेटी झाकण किंचित उघडं ठेवून वापरा, वर गोणपाट टाकून. कातलेला ओला भुसा आणि ढलप्या गोणीत भरून त्यात वाडगा पुरतात, तेही मे महिन्यात चालतं. पण भुसा एका झाडाचा ताजा असेल आणि त्याचा आठवडाभरात कुबट वास आला तर लगेच काढा.

मृग निघाला की हे सगळं उलटं करायचं. मी तर पहिला दमदार पाऊस झाला की त्याच दिवशी बळद रिकामं करते. बळदाला हवा नसते, जुलैत तिथे ठेवलेल्या वाडग्याला पांढरी-हिरवी लव येणारच. बुरशीला ओल, हवा, ऊब आणि खाणं या चार गोष्टी लागतात. ऊब आपल्याकडे बारमाही आहे. खाणं म्हणजे पांढऱ्या, सालीकडच्या लाकडातली साखर, ती काढता येत नाही. हवा बंद करता येते ती फक्त पाण्याखाली. उरली ओल. लाकूड २० टक्क्यांच्या खाली गेलं की बुरशी वाढत नाही, म्हणून पावसाळ्यात निदान वरचा थर पहिल्या आठवड्यात तेवढा कोरडा करायचा. तोंडाच्या दोन जागांना मेण आहेच, तिथून तडा जाण्याची भीती दमट हवेत कमी असते. बाकी वाडगा उघडा ठेवायचा. कागद नाही, भुसा नाही, प्लास्टिकची पिशवी तर मुळीच नाही.

कातून झाला की लेथवरच दोन मिनिटं फिरू द्या, पाणी उडून जातं. ताजी चिंच असेल तर समोरच्या भिंतीवर थेंबांची रेघ उठते, इतकं पाणी निघतं. मग कोरड्या फडक्यानं पुसा. शहाबादी फरशीवर ठेवू नका, फरशी पावसाळ्यात घामेजते. बांबूच्या कांबींवर ठेवा, आणि पालथा किंवा सुलटा ठेवण्यापेक्षा कडेवर उभा करून भिंतीला टेकवा. पालथ्या वाडग्याच्या पोटात दमट हवा कोंडते आणि बुरशी आतून धरते. रोज थोडा फिरवा. टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावा, खोलीतली हवा हलती राहावी म्हणून. वाडग्यावर सरळ झोत सोडला तर पावसाळ्यातही तडा जातो.

वरचा थर कोरडा झाला की आमच्याकडे वाडगे चुलीच्या खोलीतल्या माळ्यावर जातात. तिथे दिवसातून दोनदा धूर आणि मंद ऊब मिळते. बियाण्याची कणसं पूर्वी तिथेच टांगायचे, किडीपासून राखायला. गॅसच्या घरात ही सोय नाही हे खरं, पण ज्यांच्याकडे अजून चूल पेटते त्यांनी तो माळा वाया घालवू नये.

मामा आता काम करत नाहीत, पण वाडगे बघायला येतात.

“तोंडाला मेन लावलंस का?”

“लावलं मामा.”

“आन् ह्यो खालून का ओला लागायलाय?”

“काल कातलाय.”

“मग हितं भित्तीला नको चिकटवू. भित लई पाणी पिलीय औंदा.”

त्यांनी भिंतीला तळवा लावून बघितला होता. मी बघितलं नव्हतं. तेव्हापासून कांबीचा एक तुकडा भिंत आणि वाडगा यांच्यामध्येही घालते.

बुरशी आलीच तर घाबरून जाऊ नका. बाहेर नेऊन, नाकाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशनं झाडा. घरात झाडाल तर तीच सगळ्या वाडग्यांवर बसेल. नंतर पांढऱ्या व्हिनेगरनं पुसा आणि हवेशीर जागी जास्त अंतरावर ठेवा. वरवरची लव दुसऱ्या कातणीत निघून जाते. निळे-काळे डाग मात्र आत शिरलेले असतात. त्यानं लाकूड कमजोर होत नाही, पण रंग जात नाही. आंब्याच्या लाकडाला हे डाग सगळ्यात लवकर धरतात. तोडल्यापासून आठवडाभरातच दिसायला लागतात, म्हणून पावसाळ्यात आंबा पडला की बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तो कातायचा.

उकळायची पद्धतही मी वापरते, मुख्यतः बाभूळ आणि जांभळासाठी. ही दोन्ही हट्टी लाकडं आहेत. जाड कातलेला वाडगा लग्नाच्या मोठ्या बगुण्यात पूर्ण बुडवून, भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला तासभर असं उकळायचं, वर दगड ठेवून. पाणी काळपट चहासारखं होतं. नंतर वाडगा त्याच पाण्यात गार होऊ द्यायचा, घाईनं बाहेर काढायचा नाही. आतले ताण सैल होतात, बुरशीचे कण मरतात, आणि पुढचं वाळणं लवकर होतं. रंग थोडा फिका पडतो, तेवढी किंमत द्यावी लागते. ते बगुणं मग स्वयंपाकाला घेऊ नये, विशेषतः कडुनिंब उकळल्यावर.

बाभळीबद्दल अजून एक बारीक गोष्ट. ओल्या बाभळीत टॅनिन भरपूर असतं आणि लोखंडाला लागलं की निळं-काळं होतं. बोटं, चक, टेबल, सगळीकडे शाई सांडल्यागत. ओला वाडगा रात्रभर चकवर ठेवला तर बुडाला जबड्यांचे काळे ठसे उमटतात. ताज्या डागावर लिंबाची फोड घासली आणि लगेच पुसून घेतलं की बरेचसे जातात.

आता वाळलं कधी हे कसं ओळखायचं. गालाला लावून गार लागतं का बघणं, टिचकी मारून आवाज ऐकणं, हे मीही करते, पण विश्वास काट्यावर ठेवते. स्वयंपाकघरातला पाच किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. कातल्या दिवशी वजन करायचं आणि तळावर पेन्सिलनं झाड, तारीख, ग्रॅम लिहायचे. दर आठवड्याला त्याच्याखाली नवा आकडा. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग हळू, मग थांबतं. उतार फार जोराचा दिसला तर कागदाचा एक थर वाढवायचा, पावसाळ्यात उतार अडला तर हवा वाढवायची. आत-बाहेरचं ते अंतर डोळ्यांना दिसत नाही, आकड्यांत दिसतं.

पण इथे आपल्याकडच्या माणसानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे. श्रावणात वजन थांबलं म्हणजे वाडगा वाळला असं नाही. बाहेरच्या हवेशी त्याची बरोबरी झाली इतकंच. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १५-१६ टक्के ओलाव्यावर थांबतं, त्याच्या खाली उतरतच नाही. तेच लाकूड एप्रिल-मे महिन्यात, आर्द्रता २० टक्क्यांवर आली की ४-५ टक्क्यांपर्यंत जातं. श्रावणात वजन थांबलं म्हणून तुम्ही दुसरी कातणी केली, तेल लावलं, विकला, तर पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा आकसणार, झाकण असेल तर ते अडकणार, पातळ भिंत असेल तर चिरणार. म्हणून दुसरी कातणी मी दिवाळीनंतरच करते. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस आपल्याकडे वाळवणीला सोन्यासारखे आहेत. ऊन सौम्य, हवा ना फार कोरडी ना दमट. त्या काळात कातलेला दहा इंची आंब्याचा वाडगा एका वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला तरी दोन-तीन महिन्यांत व्यवस्थित येतो. चिंच आणि बाभूळ त्याच्या दुप्पट वेळ घेतात, कधी जास्त.

नव्यानं शिकणाऱ्यानं कोणतं लाकूड घ्यावं असं विचाराल तर गावरान आंबा किंवा शिरीष. कातायला सोपं, वाळताना फार त्रास देत नाही, फक्त बुरशीवर नजर ठेवायची. कडुनिंब कीड धरत नाही, पण कडवट वास महिनोन्‌महिने राहतो, खाण्याच्या वाडग्याला मी तो घेत नाही. चिंचेचं पांढरं लाकूड पटकन डागाळतं, पण आतला जांभळट-तपकिरी भाग मिळाला तर त्यासारखा वाडगा नाही. निलगिरीच्या वाटेला जाऊ नका. ती करवतीखालीच उलायला लागते.

केसासारखी बारीक चीर दिसली तर ती वाढायच्या आत त्यात फेव्हिक्विक सोडा, पण तेवढा भाग कोरडा असेल तरच. बोटाचं नख अडकेल इतकी चीर असेल तर तो वाडगा बाजूला काढा. गरम आमटी ओतली जाणारं भांडं आहे, त्यात चिकटवलेली भेग नको.

शेवटचा हात मी जवसाच्या तेलाचा देते. जवस हवेत सुकून घट्ट होतं, करडईचंही बऱ्यापैकी होतं. शेंगदाण्याचं तेल वापरू नका, ते सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. एकेक पसरून वाळवा, मगच टाका.

वाडगा पाठवताना खोक्यात एक चिठ्ठी घालते. पाण्यात भिजत ठेवू नये, धुऊन लगेच पुसावा, उन्हात वाळवू नये, वर्षातून दोनदा तेलाचा हात द्यावा. मुंबईला जाणार असेल तर खाली एक ओळ जास्त लिहिते, की पावसाळ्यात बंद कपाटात ठेवू नये, ओट्यावर उघडा राहू द्यावा.